भुंग्याचं हेड आणि पणदऱ्याची लेक

बारामती-इंदापूरकडे माणसं कशाकशाला जातात. कुणी भिगवणला परदेशी पाखरं बघायला, कुणी शेतीचं प्रदर्शन बघायला, कुणी मुलाला कॉलेजात घालायला. मी गेले जुन्या गाडीचं हेड आणायला. आता कुणी "कसा झाला प्रवास?" विचारलं की तोंडात कडुलिंबाचा पाला ठेवल्यासारखं होतं. तरी लिहिते आहे, कारण जुन्या गाड्यांवर जीव टाकणारे आमच्यासारखे वेडे अजून शिल्लक आहेत आणि त्यांतलं कुणीतरी उद्या त्याच रस्त्याला लागेल.

गाडी अण्णांची, म्हणजे माझ्या वडिलांची. गोल पाठीची जुनी जर्मन गाडी. इंजिन मागे, डिकी पुढे आणि रेडिएटर नाहीच, कारण ते इंजिन पाण्यानं नव्हे, वाऱ्यानं थंड होतं. त्यामुळे तिचा आवाज दुसऱ्या कुठल्याच गाडीसारखा नाही. घरात तिला भुंगा म्हणतात. अण्णा पाटबंधारे खात्यात होते तेव्हापासून ती आमच्याकडे आहे, आणि तेव्हापासून दर भाऊबीजेला ते तिच्यातून सुप्याला, धाकट्या बहिणीकडे, म्हणजे आमच्या ताराआत्याकडे जातात. आत्याची नजर आता पूर्ण गेली आहे, कान मात्र शाबूत. चौफुल्याच्या रस्त्याला भुंग्याचा आवाज आला की ती सुनेला निरांजन लावायला सांगते. परत निघताना ती दारात उभी राहते आणि आवाज विरेपर्यंत आत जात नाही. तिनं भावाला शेवटचं डोळ्यांनी पाहिलं त्याला बरीच वर्षं झाली. भाऊ येतो आणि जातो तो तिला आवाजानंच.

यंदा दिवाळीच्या तोंडावर भुंग्याचं हेड तडकलं. हेड म्हणजे इंजिनाच्या डोक्यावरचा ॲल्युमिनियमचा भाग, ज्यात व्हॉल्व बसतात. आमचे पुण्याचे मिस्त्री इस्माईलभाई म्हणाले, "ताई, नवीन मिळत नाही. जुनं चांगलं शोधा. पण बघून घ्या. हेड खराब निघालं तर ब्लॉक, म्हणजे इंजिनाचं धडच फोडेल, आणि ब्लॉक गेला की गाडी गेली." अण्णांना मी सुचवून पाहिलं की यंदा भाड्याच्या गाडीनं जाऊ. ते म्हणाले, "मग ताराला कळणार कसं, मी आलो ते?" मी हेड शोधायला लागले. ज्यांच्या मार्फत मागवावं असे सगळे फोनवरचे विक्रेते नुसते फोटो पाठवत होते, आणि फोटोतलं हेड नवरीच्या फोटोसारखं, कधीच वाईट दिसत नाही.

मी पॉलिटेक्निकात यंत्रांची ड्रॉइंग शिकवून निवृत्त झालेली बाई. पर्समध्ये पावडरच्या डबीऐवजी मापाचा व्हर्नियर असतो. नवऱ्याच्या मते मी भाजीवालीची काकडीसुद्धा मोजून घेईन. असा व्हर्नियर घेऊन मी एसटीत बसले.

पणदरे

पणदरे हे अण्णांचं गाव. तिथं त्यांचे चुलतभाऊ दत्तूआबा राहतात. ऊस, चार गाई, आणि गावात शब्दाला मान. पुण्यात आमच्या सोसायटीतल्या शेजाऱ्याचं आडनाव मला टपालपेटीवरून कळलं होतं. इथं मात्र फाट्यावर उतरल्या उतरल्या एका अनोळखी म्हाताऱ्यानं, "अण्णाची थोरली न्हवं का तू?" म्हणून ओळखलं. बरं वाटलं. खोटं का सांगू, फार बरं वाटलं.

आबांनी ऐकून घेतलं आणि हसले. "येवढ्यासाठी वणवण कशाला? बारामतीत आपला विलास हाय की. जुन्या गाड्यांचं समदं सामान त्याच्याकडं."

"माणूस खरा आहे का, आबा?"

"खरा म्हंजी? आपल्या नातीचं, सुमीचं लगीन तितंच ठरलंय, त्याच्या पुतण्याशी. माघात साखरपुडा हाय."

मी विचारलं काय आणि आबांनी सांगितलं काय, हे ताट समोर आल्यावर माझ्या लक्षातून गेलं. निरसं दूध, बाजरीची गरम भाकरी, शेंगदाण्याची आमटी. पुण्यात "आपला" हा शब्द आम्ही पक्षासाठी नाहीतर क्रिकेटच्या संघासाठी वापरतो. इथं तो माणसाला लावतात आणि मग त्या माणसाची चौकशी संपते.

बारामती

विलासरावांचं दुकान मार्केट यार्डाच्या मागच्या रस्त्याला. आबा स्वतः मला घेऊन गेले. काचेची कपाटं, गार हवा, एकेक भाग प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेला. मी टेकायच्या आत पाणी आलं, पाण्यामागून चहा. माणूस गोरटेला, हसरा, आवाज साखरेत घोळलेला. पुण्यातला दुकानदार गिऱ्हाईकाकडे असं बघतो की आपणच काही चोरायला आलो आहोत. हे विलासराव मात्र उठून उभे राहिले.

"पणदऱ्याची लेक म्हंजी आमची लेक. वस्तू बघा आन् हुकूम करा."

हेड समोर ठेवलं. चिंचेनं घासलेल्या भांड्यासारखं लख्ख. व्हॉल्व बसवलेले, सगळं तयार. माझा हात पर्सकडे गेला तेवढ्यात त्यांच्या पत्नी जिन्यावरून खाली आल्या आणि माझा हातच धरला. "आधी जेवायचं. माघारी बघा तुमचं लोखंड."

वर हुलग्याची शेंगोळी होती, लसणाचा ठेचा होता, आणि बसल्या जागी तूप वाढणारी सासू होती. एवढी चवदार शेंगोळी मी आयुष्यात खाल्ली नव्हती, आणि हे आजही कबूल करते, कितीही जिवावर आलं तरी. जेवून खाली आल्यावर मी कसंबसं म्हटलं, की उद्या इंदापुरालाही एक ठिकाण बघून येते. आबा खाकरले आणि रस्त्याकडे बघू लागले. विलासराव मात्र हसले. "बघा की! चार ठिकाणी बघावंच. पर लेक फिरून माहेरालाच येती."

इंदापूर

भवानीनगरवरून जाणारी एसटी उसाच्या ट्रॅक्टरांमागे रांगत चालली होती. साखर कारखान्यांचं गळीत नुकतंच सुरू झालं होतं. एकेका ट्रॅक्टरला दोन दोन ट्रॉल्या आणि वरून लोंबणारं वाढं, उसाचे हिरवे शेंडे. निमगाव केतकीला एक बाई पानांची डालगी घेऊन चढल्या आणि डालगी माझ्या मांडीवर ठेवून निवांत झोपल्या. इंदापुरात मी उतरले तेव्हा माझ्या पदराला ओल्या विड्याच्या पानांचा वास येत होता.

शालनबाईंचं गोडाऊन हमरस्त्यालगत. गोडाऊन कसलं, पत्र्याची शेड. दारात शेळ्या बांधलेल्या. त्यांच्या मालकांचं पूर्वी इथं गॅरेज होतं. ते वारल्यावर उरलेलं सामान बाई विकतात. पन्नाशी उलटलेल्या, कपाळ मोकळं, चेहऱ्यावर हसण्याची खूण नाही.

"काय पायजे?"

मी सांगितलं. खुर्ची नाही, पाणी नाही. बाईंनी पोत्यातून एक हेड ओढून काढलं आणि उन्हातल्या दगडावर आदळलं. काळपट, आणि मधोमध वेल्डिंगचा जाडजूड वण, ऑपरेशनचे टाके असावेत तसा.

"ह्याला चीर हुती. हितनं हितपत्तुर. मालकांनी जोडलीया."

"टिकेल का?"

"मला काय ठावं? मला त्यातलं काय बी कळत न्हाय. हितं डिझेल हाय, आत वता आन् थांबा. गळलं तर घिऊ नगा."

ही त्यांच्या मालकांची पद्धत. सामान उन्हात ठेवायचं, दोष आपण होऊन दाखवायचा, डिझेल गिऱ्हाईकाच्याच हातून ओतवायचं. हेडला बारीकशी जरी चीर असली तरी डिझेल झिरपून बाहेर येतं. मी ओतलं. व्हर्नियर लावून सगळी मापंही घेतली. शेळ्या माझ्या पर्सचा पट्टा चघळत होत्या आणि बाई आपल्या कामाला लागल्या होत्या. थेंबभर गळलं नाही, मापं चोख होती. तहान लागली म्हणून पाणी मागितलं तर त्यांनी माठाकडे बोट केलं.

"चहा मिळेल का इथं कुठं?" मी जरा खवचटपणेच विचारलं.

"मिळंल की. सौदा झाल्यावर. आधी च्या पाजला की गिऱ्हाइकाची जीभ बांधली जाती, मालक म्हनायचे."

"आणि पुढं काही झालं तर? गॅरंटी?"

"मी हितंच हाय."

मला राग आला. एवढ्या लांब आले, माझ्या वडिलांची गाडी, आणि ही बाई साधं गोड बोलायला तयार नाही. मी म्हटलं, "बारामतीला याच्यापेक्षा स्वच्छ मिळतंय. ओळखीचे आहेत."

"मग तितनं घ्या," त्या हेड पोत्यात घालत म्हणाल्या. "पर वतून बघा. ओळखीचं असलं तर आधी वता."

हमरस्त्यावरच्या हॉटेलात उजनी धरणातली तळलेली चिलापी मासळी खाल्ली. काटे काढता काढता मनात त्या बाईला तुसडी म्हणून घेतलं. व्यवहाराला तोंड गोड लागतं, असलं काहीतरी शहाणपणही सुचलं. त्या शहाणपणाला आज काडी लावावीशी वाटते.

पुन्हा बारामती

तरी मी ठरवून आले होते. दुकानात शिरताच म्हटलं, "विलासराव, वाटीभर डिझेल असेल का?"

"डिझेल कशाला, ताई? बसा तर."

त्यांच्या पत्नीनं पाट मांडलेला होता. सासूबाई म्हणाल्या, "लेक दारातनं मोकळी जाती व्हय?" मला पूर्वेकडं तोंड करून बसवलं, हळदकुंकू लावलं, पदर पसरायला लावला. तांदूळ, नारळ, हिरवा खण. माझी आई गेल्यापासून माझी ओटी माहेरच्या नात्यानं कुणी भरली नव्हती. डोळे भरून आले, ते काही खोटं नव्हतं. आणि तेवढ्यात विलासराव खोक्यात बांधलेलं हेड घेऊन आले आणि त्यांनी ते माझ्या मांडीवर, त्या तांदळांवर ठेवलं.

"लेकीच्या वटीत घातलं. आता काय बघायचं ते बघा."

पणदऱ्याहून पुन्हा आलेले आबा कौतुकानं बघत होते. मला सांगा, पदरात तांदूळ सांडलेले असताना, समोर कुंकवाचा करंडा धरून बाई उभी असताना, खोकं फोडून आत डिझेल ओतणारी लेक कुठल्या आईनं जन्माला घातली आहे? पुण्यात मी निर्लज्जपणे ओतलं असतं. तिथं दुकानदाराला माझा राग येईल याची मला फिकीर नसते, कारण त्याचं-माझं काही नसतंच. शालनबाईंनी माझी ओटी भरली नव्हती. भरायची म्हटलं तरी त्यांना रीत नाही. नवरा गेलेल्या बाईनं ओटी भरायची नसते. हे मला तेव्हा सुचलं नाही. मी पदर सावरला, पैसे दिले, आबांच्या पाया पडले आणि परतीची एसटी धरली.

सुप्याचा रस्ता

इस्माईलभाईंनी खोकं उघडलं, हेड उलटसुलट केलं. "फारच गोरं आहे, ताई. व्हॉल्व काढून बघू का एकदा?"

"घरचं आहे," मी म्हटलं. "बसवा."

भाऊबीजेला अण्णा पहाटेच कोट घालून तयार होते. भुंगा छान चालला. हमरस्त्यानं चौफुल्यापर्यंत अण्णा डोळे मिटून आवाज ऐकत होते आणि मधूनच मान डोलवत होते. चौफुल्याला आम्ही सुप्याच्या रस्त्याला वळलो. ऊस मागे पडला आणि मयूरेश्वर अभयारण्याचं पिवळं गवत सुरू झालं. रस्त्याकडेला एक चिंकारा मान वर करून उभी होती. अण्णा म्हणाले, "सावकाश घे, बघू दे तिला." मी वेग कमी केला, आणि त्याच वेळी आवाज बदलला. आधी खटखट, मग आत कुणी घण घालावा तसा एक दणका. चिंकारा उडाली. आरशात बघते तर मागच्या रस्त्यावर तेलाची काळी रेघ.

"बंद कर," अण्णा म्हणाले.

काठी टेकत ते मागे गेले. मी झाकण उघडलं. ब्लॉकला मूठ जाईल एवढं भगदाड पडलं होतं. अण्णांनी त्यात बघितलं, कोटाच्या खिशातून रुमाल काढला आणि कितीतरी वेळ नुसते हात पुसत राहिले. हात खराब झालेलेच नव्हते. मला रडू आलं, पण ते रागाचं होतं.

डाळिंबाचे क्रेट नेणाऱ्या एका टेम्पोवाल्यानं अण्णांना शेजारी बसवलं, मला मागे क्रेटांवर. भुंग्याला दोरानं मागे बांधलं. आत्याच्या दारात टेम्पो थांबला तेव्हा ती ओसरीवर, अंगावर नवं लुगडं, रस्त्याकडे कान लावून बसली होती. अण्णा तिच्यासमोर जाऊन उभे राहिले.

"कोन हाय?" आत्या म्हणाली. "बसा. आमचा दादा याचाय अजून."

 अण्णांनी तिचा हात धरून आपल्या तोंडावर फिरवला. निरांजन तेव्हा कुठं लागलं.

दुसऱ्या दिवशी इस्माईलभाई पुण्याहून आले आणि त्यांनी आत्याच्या अंगणातच हेड उतरवलं. पेचकसाच्या टोकानं एक जागा खरवडली. करडी भुकटी पडली. गाडीचा पत्रा चेपला की रंगापूर्वी खड्डा बुजवायला जी लांबी भरतात, तीच चिरेत भरून वरून वाळूच्या फवाऱ्यानं चकचकीत केलेलं होतं. गरम झालं, लांबी सुटली, व्हॉल्वची बैठक निखळून आत पडली. डिझेल ओतलं असतं तर तेव्हाच कळलं असतं का, असं मी विचारलं. इस्माईलभाई भले आहेत. ते म्हणाले, "आता ते कशाला, ताई."

शेवटची बारामती

मी फुटकं हेड पिशवीत घालून तशीच बारामती गाठली. आबांना फोन करून तिथंच बोलावलं होतं. विलासराव उठून उभे राहिले, पाणी आलं, चहा आला. मी चहाला हात लावला नाही.

"आरारा," ते हेड बघून म्हणाले. "ताई, मला बी जसं आलं तसं मी दिलं. तुमी तर शिकलेल्या. उघडून बघायचं. मी नगं म्हनलो का?"

"तुम्ही ते ओटीत घातलंत!"

"मानानं घातलं. त्यात काय चुकलं?"

मी आबांकडे बघितलं. आबा जमिनीकडे बघत होते. "जाऊ दे गं," ते म्हणाले. "सुमीचं ठरलंय. लेकीनं माहेरच्या मानसाला आसं दुकानात हुबं करू ने."

म्हणजे सोयरीक आधी, गाडी मागून, आणि खरंखोटं दाराबाहेर. आबा वाईट नाहीत. ते कधी कुणाला फसवणार नाहीत. पण त्यांच्या "आपला" या शब्दावर मी वडिलांचं इंजिन ठेवलं, आणि तो शब्द आपल्या माणसाला वाचवायला होता, मला नव्हे, हे मला तिथं उभं असताना कळलं.

निघाले तर विलासरावांच्या पत्नी नेहमीच्या रीतीनं करंडा घेऊन धावत बाहेर आल्या. त्यांना यातलं काही ठाऊक नसावं. कुंकवाचं बोट कपाळाजवळ आलं आणि मी कपाळ मागे घेतलं. बाईंचा हात तसाच हवेत राहिला. आबांनी तोंड फिरवलं. पणदऱ्याच्या वाटेवर आता मला कुणी ओळखेल की नाही, शंका आहे.

स्टँडवरून शालनबाईंना फोन लावला. "ते वण असलेलं हेड आहे का अजून? बारामतीचं फुटलं."

"हाय. पर ब्लॉक?"

"फुटला."

 "मग हेड घिऊन काय करताय, बाई," त्या म्हणाल्या आणि त्यांनी फोन ठेवला. एवढा सोन्यासारखा सौदा समोरून चालत आला होता, तोही त्यांनी केला नाही.

सुपे

अण्णांना घेऊन मी एसटीनं पुण्याला परतायचं ठरवलं. भुंगा आत्याच्या गोठ्यालगत उभा केला, वर ताडपत्री टाकली. कोंबड्या लगेच तिच्याखाली गेल्या.

आत्याला आम्ही सगळं सांगितलं होतं. तिनं ऐकूनही घेतलं होतं. तरी निघताना ती सुनेचा हात सोडवून सवयीनं दाराच्या चौकटीला येऊन उभी राहिली.

"तारा, जा आत. वारं आहे," अण्णा म्हणाले.

"जाते की. गाडी तर सुरू हुंदे."

अण्णांनी माझ्याकडे बघितलं. मग ते काठी उचलून धरून चालू लागले, पाऊल वाजणार नाही असं. मी त्यांच्या मागून गेले. वळणावर मागं बघितलं तर आत्या चौकटीला धरून उभी होती, डोकं जरा कललेलं, आणि सून तिला आत ओढत होती.

एसटीत अण्णांनी खिडकीची काच वर सारली आणि स्टँड सुटेपर्यंत डोकं बाहेर काढून बसले. मी म्हटलं, धूळ येतेय, बंद करा. ते म्हणाले, "थांब. ती अजून आत गेली नसेल."